स्टीरिओ परत परत घुमतो, गायकाचे शब्द कळत नाहीत? नवीन काही विकत घेण्याआधी हे करून बघा

आधी लक्षणं लिहितो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल. बेस (खालचे जाड सूर) भरपूर येतो पण त्याला आकार नसतो, एखादा ठराविक सूर आला की अख्खी खोली घुमते आणि त्याच्या शेजारचा सूर जवळजवळ गायब होतो. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध न येता कुठूनतरी हवेतून आल्यासारखा वाटतो, शब्द कळावेत म्हणून व्हॉल्यूम वाढवला तर ट्रेबल (वरचे बारीक सूर) कानाला टोचतो. मग टोनचे नॉब फिरवून होतात, थोडे दिवस बरं वाटतं, परत तेच. मग वायर बदलतात, मग अँप (अँप्लिफायर) बदलतात, नवीन अँप आल्यावर आठवडाभर सगळं छान छान वाटतं आणि नंतर तोच सूर तसाच घुमायला लागतो.

हे परत परत होतं कारण जे बदललं त्यात दोष नव्हताच. बहुतेक घरांत दोष असतो तो स्पीकरच्या जागेत, खोलीत आणि ढिल्या किंवा उलट्या कनेक्शनमध्ये, आणि या तिन्ही गोष्टी फुकट किंवा अगदी थोड्या पैशात सुधारता येतात. अँपची पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, पण स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला तर काही सुरांवर याच्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. त्यामुळे माझं सांगणं एवढंच की खाली दिलंय त्या क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

सगळ्यात आधी प्लस-मायनस. हे कंटाळवाणं वाटतं पण इथे चूक असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. एका स्पीकरची वायर उलटी लागली असेल तर एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढतो, बेस एकमेकांत मरून जातो आणि गायक मधे उभाच राहत नाही. तपासायचं कसं, तर अँपला मोनो बटण (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) असेल तर ते दाबा, नसेल तर एकट्या माणसाचं बोलणं असलेलं कुठलंही रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही स्पीकर एकमेकांच्या अगदी जवळ, तोंडं समोरासमोर करून ठेवा. आता अँप बंद करून एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि परत लावा. ज्या जोडणीत आवाज भरीव आणि बेसदार येतो ती बरोबर. वायरवरची लाल किंवा रेघवाली बाजू दोन्ही टोकांना सारखीच लागलीय असं गृहीत धरू नका, मधे कुठे जोड दिला असेल तर तिथेच उलटापालट झालेली असते.

स्पीकर भिंतीत किंवा कपाटात बसवलेले असतील, हलवता येत नसतील, तर १.५ व्होल्टचा साधा सेल वापरा. वायर अँपपासून पूर्ण सोडवायची, मग सेलचा प्लस लाल वायरला आणि मायनस काळ्या वायरला क्षणभर टेकवायचा, वूफरचा (स्पीकरमधल्या बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा) पडदा एकतर बाहेर येईल नाहीतर आत जाईल. दोन्ही स्पीकरचा एकाच दिशेला गेला पाहिजे. कुठल्या दिशेला यावर अडून बसू नका, काही जुन्या स्पीकरमध्ये ते मुळातच उलटं असतं, दोघांचं सारखं असणं महत्त्वाचं.

हे करताना वायरची टोकं बघूनच घ्या. तांब्याच्या तारा काळ्या किंवा हिरवट पडल्या असतील तर तेवढा तुकडा कापून नवीन टोक सोला, तारा नीट पिळा, आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे बघा कारण अशा एका तारेमुळे अँप शॉर्ट होऊन प्रोटेक्शनमध्ये जातो (स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो), कधीकधी जळतोही. टर्मिनलचे स्क्रू आवळा, ते काळाने ढिले होतात. वायर किती जाड हवी यावर लोक फार वाद घालतात, पण हिशोब सोपा आहे: १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१२ ओहम, म्हणजे ५ मीटर लांब वायरचा जाऊन-येऊन ०.१२ ओहम, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. घरातल्या अंतरांना एवढी वायर पुरते. फक्त ती खरंच तांब्याची असू द्या, वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर सर्रास विकली जाते आणि त्यात तेवढ्याच जाडीला रेझिस्टन्स दीडपटीच्या वर जातो. महागड्या स्पीकर केबलवर पैसे घालवू नका, हे मी ठामपणे सांगतो, तेच पैसे एका जाड गालिच्यावर घाला.

एक लक्षण मुद्दाम वेगळं सांगतो कारण ते बऱ्याच जणांना छळतं. कमी आवाजात एक चॅनल बारीक होतो किंवा बंदच पडतो, व्हॉल्यूम जोरात वाढवला की एकदम परत येतो आणि मग कमी केला तरी थोडा वेळ चालतो. लोक समजतात स्पीकर गेला. बहुतेक वेळा अँपच्या आतल्या स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट काळे पडलेले असतात, जोराचा सिग्नल ती पुटं फोडून पलीकडे जातो म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. रिले हा छोटा स्वस्त पार्ट आहे, चांगला मेकॅनिक बदलून देतो. स्वतः अँप उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे लागतो, तोही मेकॅनिककडूनच मारून घ्या. घरातल्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रे तिथे चालत नाही. तुम्ही घरी करण्यासारखं म्हणजे अँप बंद ठेवून सगळे नॉब आणि स्विच या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा आणि मागच्या सगळ्या पिना काढून, पुसून, थोड्या फिरवत परत घाला. एवढ्यानेही बऱ्याचदा खरखर जाते.

आता मुख्य विषय, घुमणं. खोलीची लांबी, रुंदी, उंची यांच्या हिशोबाने काही ठराविक फ्रिक्वेन्सी (हर्ट्झमध्ये मोजतात, आकडा लहान तितका सूर खालचा) खोलीत अडकतात. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला भिंतीभिंतीतल्या अंतराच्या दुपटीने भागलं की पहिली अडकणारी फ्रिक्वेन्सी मिळते. ४ मीटर लांबीला ४३ हर्ट्झ, ३ मीटर रुंदीला ५७ हर्ट्झ, आणि छतही ३ मीटरवर असेल तर परत ५७, म्हणजे रुंदी आणि उंची दोघी मिळून एकाच सुराला जोर देतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो वाढत जातो तसंच हे. आता बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ४१ हर्ट्झला आणि तिच्या शेजारची ५५ हर्ट्झला, त्यामुळे ठराविक गाण्यांतला ठराविक सूरच का अंगावर येतो ते लक्षात येईल. अँप बदलून हे जाणं शक्यच नाही, कारण अडकतोय तो आवाज दोन भिंतींच्या मधे.

खोली बदलता येत नाही पण तुम्ही कुठे बसता आणि स्पीकर कुठे आहेत हे बदलता येतं आणि फुकट बदलता येतं. तुमची खुर्ची किंवा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तिथे या सगळ्या फ्रिक्वेन्सी सगळ्यात जोरात असतात, डोकं भिंतीपासून लांब आणायला हवं. बरोबर खोलीच्या मध्यावर बसलात तर उलटं होतं, पहिली फ्रिक्वेन्सी तिथे जवळपास ऐकूच येत नाही आणि बेस गेल्यासारखा वाटतो. सुरुवात म्हणून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतर मागच्या भिंतीपासून मोजा, ४ मीटरच्या खोलीत ते दीड मीटर होतं, आणि तिथून थोडं पुढे-मागे सरकत ऐका. हा अंदाजाचा आकडा आहे, कायदा नाही, खोलीत फर्निचर असतं, दारं उघडी असतात, शेवटी कानच ठरवणार.

स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले असतील तर ते आधी बाहेर काढा. जमीन, मागची भिंत, बाजूची भिंत, यातली प्रत्येक पृष्ठभागाची जवळीक खालच्या बेसला ६ डेसिबलपर्यंत फुगवू शकते आणि कोपऱ्यात तिन्ही एकत्र येतात. पण बाहेर काढताना अजून एक गंमत होते जी फार कमी लोक सांगतात. वूफरपासून मागच्या भिंतीवर जाऊन परत आलेला आवाज ठराविक फ्रिक्वेन्सीला उलटा येऊन थेट आवाजाला खातो, ती फ्रिक्वेन्सी म्हणजे ३४३ भागिले त्या अंतराच्या चौपट. वूफर भिंतीपासून १ मीटर असेल तर ८६ हर्ट्झ, ८० सेंटिमीटरला १०७, ६० सेंटिमीटरला १४३. पुरुषी आवाजाचा पाया याच पट्ट्यात असतो, म्हणून कधीकधी गायक पोकळ वाटतो. यावर उपाय असा की मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांच्यापासूनची वूफरची अंतरं एकसारखी ठेवायची नाहीत, तिन्ही ६० सेंटिमीटर असतील तर आवाजातला हा खड्डा एकाच जागी पडून जास्त खोल होतो, त्याऐवजी ४०, ६५, ९० अशी विस्कटलेली ठेवा. मात्र डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांशी सारखेच हवेत, डाव्याला बाजूची भिंत जितकी लांब तितकीच उजव्याला, नाहीतर गायक एका बाजूला झुकतो.

मग त्रिकोण. दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या कानापर्यंत, मोजपट्टी घेऊन मोजा, नुसत्या नजरेने १०-१५ सेंटिमीटरची चूक सहज होते. ट्वीटर (ट्रेबल वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला हवा, बसल्यावर कान जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर असतात. स्पीकर खाली असतील तर पुढची बाजू थोडी उचलून वर तोंड करून ठेवा, रबराचे तुकडेसुद्धा चालतात. स्पीकर थोडे आत वळवा म्हणजे त्यांची रेघ तुमच्या डोक्याच्या मागे कुठेतरी मिळेल, ट्रेबल टोचत असेल तर बाहेर वळवा, गायक पसरट वाटत असेल तर अजून आत. हे बोट-दोन बोटांचं काम आहे पण फरक स्पष्ट ऐकू येतो. टोचरा ट्रेबल घालवायला ट्रेबलच्या नॉबआधी हे करून बघा.

स्पीकर पोकळ टेबलावर किंवा कपाटावर असतील तर ते लाकूडही वाजतं. बेसवाला ट्रॅक लावून टेबलावर हात ठेवा, थरथर जाणवली तर स्पीकरखाली जाड रबर किंवा पोस्टर चिकटवायची पुट्टी गोळे करून लावा, आणि स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा म्हणजे टेबलावरून उसळी मारून येणारा आवाज कमी होईल. काचेची दारं, फोटोफ्रेम, वरचे दिवे यांची कुणकुण पण याच वेळी शोधून बंद करा.

आणि जागा मनासारखी जमली की जमिनीवर स्पीकरच्या चारही कोपऱ्यांना आणि खुर्चीच्या पायांना चिकटपट्टीच्या छोट्या खुणा करा. प्रॉब्लेम परत यायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, झाडलोट करताना स्पीकर मागे ढकलले जातात, पाहुणे आले की सोफा सरकतो, एवढ्याशा फरकाने घुमणं परत सुरू होतं आणि आपण सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो. टोन आणि बॅलन्सच्या नॉबची जागाही फोनवर फोटो काढून ठेवा.

भिंतींचं थोडक्यात. टाळी वाजवा, टाळीमागे झणझणता तारेसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती तो एकमेकींकडे फेकतायत. तुम्ही जागेवर बसा आणि दुसऱ्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, जिथे तुम्हाला आरशात ट्वीटर दिसेल तिथे काहीतरी मऊ किंवा ओबडधोबड हवं, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं शेल्फ, काहीही. स्पीकर आणि तुमच्या मधल्या जमिनीवर जाड गालिचा. अंड्यांचे ट्रे लावू नका, उपयोग नाही, आणि इंचभर जाडीचा फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते, तिला इंचभर फोम काय करणार. भिंतभर पातळ फोम लावला की ट्रेबल मरतो आणि बेस तसाच राहतो, म्हणजे आवाज आधीपेक्षा जास्त घुमट वाटतो. बेसवर थोडा तरी परिणाम हवा असेल तर निदान १० सेंटिमीटर जाड रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) लाकडी चौकटीत घालून, कापडाने मढवून, भिंतीपासून थोडं लांब कोपऱ्यात उभं करा. कापताना मास्क आणि हातमोजे घालाच.

स्पीकर भिंतीपासून लांब नेणं शक्यच नसेल आणि त्याला बेसचं भोक असेल, पुढे किंवा मागे, तर त्यात गुंडाळलेला मोजा किंवा फोमचा तुकडा बसवून बघा. सगळ्यात खालचा बेस कमी होतो पण जो राहतो तो घट्ट आणि स्वच्छ वाटतो, छोट्या खोलीत हा उपाय फार चांगला चालतो. आत पडणार नाही असा बसवा. ज्या स्पीकरमध्येच अँप आहे त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या फटी मात्र अजिबात बंद करायच्या नाहीत.

सेटिंगमध्ये एक सापळा कायम असतो तो म्हणजे बेस दोन-तीन ठिकाणी वाढवलेला असणं, फोनच्या ईक्वलायझरमध्ये बेस बूस्ट, अ‍ॅपमध्ये वेगळा, अँपवर लाऊडनेस बटण दाबलेलं. सगळं सपाट करून परत सुरुवात करा. लाऊडनेस बटण वाईट नाही, ते कशासाठी आहे ते माहीत हवं: फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असेल तर कानाला बेस खूप कमी ऐकू येतो, ती भरपाई हे बटण करतं. म्हणजे रात्री हळू ऐकताना चालू, मोठ्याने ऐकताना बंद. टीव्ही जोडला असेल तर त्यातलं व्हर्च्युअल सराउंड बंद करा, गायक पसरवणारं तेच असतं. फोनचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवून अँपवर कमी-जास्त करा, आणि अ‍ॅपमधली ऑडिओ क्वालिटी डेटा वाचवण्याच्या मोडवर अडकलेली नाही ना बघा. दोन सेटिंगची तुलना करताना दोन्हीचा आवाज समान पातळीवर आणा, जे किंचित मोठं असतं ते कानाला चांगलंच वाटतं.

जागा, वायर, सेटिंग सगळं झाल्यावरही एखाद-दोन सूर घुमत असतील तर मग ईक्यू, म्हणजे ईक्वलायझरने ठराविक सूर कमी करणं. आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) नावाचं मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सूर कमी करायला विंडोजवर इक्वलायझर एपीओ हेही फुकट आहे. माईक नसेल तरी हरकत नाही, ३० ते २०० हर्ट्झचे साधे सूर पायरीपायरीने वाजवा, एकाच व्हॉल्यूमला, आणि जे अंगावर येतात ते कागदावर लिहा, मग फक्त तेवढ्याच अरुंद पट्ट्यात ४ ते ६ डेसिबल कमी करा. जे सूर ऐकू येत नाहीत ते वाढवायचा मोह आवरा, ६ डेसिबल वाढवायला अँपला चौपट पॉवर लागते आणि भिंतीवरून येणारा उलटा आवाजही तेवढाच वाढतो, खड्डा तसाच राहतो. सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) असेल तर तो तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेस लावा आणि स्वतः खोलीभर गुडघ्यांवर फिरत ऐका, जिथे बेस सगळ्यात एकसारखा वाटतो तिथे सबवूफर न्या. त्याचा फेजचा स्विच दोन्हीकडे करून ज्यात बेस जास्त भरीव येतो ते ठेवा.

सतत येणारा हम्म आवाज हा घुमण्यापेक्षा वेगळा आजार आहे. अँपच्या मागच्या सगळ्या पिना काढा, हम्म थांबला तर एकेक परत लावत जा, ज्याने सुरू होतो तो दोषी. बहुतेक वेळा ती टीव्हीची अँटेना किंवा केबल लाइन किंवा चार्जिंगला लावलेला लॅपटॉप असतो, दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळाल्यामुळे मधे करंट फिरतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणा, सिग्नलच्या वायरी पॉवरच्या वायरींपासून लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थिंगची वायर सुटली नाही ना बघा. तरी गेला नाही तर सिग्नलच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फिरणारा करंट तोडणारा छोटा डबा) लावा. अर्थिंगची पिन कापून किंवा काढून हम्म घालवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, त्याने जीव जाऊ शकतो.

एवढं सगळं करूनही एकच स्पीकर फाटका किंवा खरखरीत वाजत असेल तर त्याची जाळी काढून वूफरच्या कडेची फोमची रिंग बघा. १५-२० वर्षांत ती भुगा होते, बोट लावलं की तुटते. मग दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समान अंतरावर ठेवून तो अगदी हलकेच आत दाबा, घासल्याचा आवाज नाही आला तर आतलं कॉइल चांगलं आहे आणि फक्त रिंग बदलून स्पीकर परत पहिल्यासारखा होतो, रिंगचे किट वूफरच्या मापाप्रमाणे मिळतात. मात्र मापात फक्त इंच सांगून चालत नाही, पडद्याचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमचा आतला व्यास दोन्ही मोजून घ्या, आणि एका स्पीकरची रिंग गेली असेल तर दुसऱ्याचीही त्याच वेळी बदला, कारण नवीन आणि जुनी रिंग सारखी ताठ नसते आणि मग डावा-उजवा बेस जुळत नाही.